चालकाशी बोलू नये

गाडीत मोबाइल कुठे लावायचा हे सांगणं हा माझा धंदा होता. हसू नका. दिवाळी अंकात डॉक्टर आपल्या शस्त्रक्रियांवर लिहितात, वकील आपल्या खटल्यांवर लिहितात, तेव्हा संपादकबाई मला म्हणाल्या, "तुम्ही तुमच्या होल्डरांवर लिहा," तर त्या माझी चेष्टा करत नाहीत ना, याची मी आधी खात्री करून घेतली. नव्हत्या करत. त्यांच्या गाडीतला होल्डर मीच बसवलेला निघाला.

सातपूरच्या रस्त्याला आमचा दोन शटरांचा गाळा आहे. आता तो सूनबाई बघते. मी दुपारी जाते, चहा पिते, दोन चुका काढते आणि घरी येते. मूळ धंदा सीट कव्हरांचा. मी लग्न होऊन आले तेव्हा ब्लाउज शिवत असे आणि आमचे हे ट्रकच्या सीटा शिवत. त्यांनी मला रेक्झिन शिवायला शिकवलं, मी त्यांना पायपिंग सरळ कशी घालतात ते दाखवलं. कोण कोणाचा गुरू हा वाद अजून मिटलेला नाही. पुढे हॉर्न आले, स्टिरिओ आले, काचांच्या काळ्या फिल्मा आल्या आणि गेल्या, आणि मग तो तळहाताएवढा चकचकीत तुकडा आला. लोक म्हणायला लागले, "काकू, याला कुठेतरी बसवा."

मी बसवले. कसे बसवले ते सांगताना आजही पदरात तोंड लपवावंसं वाटतं.

त्या वेळी मी अठ्ठावन्न वर्षांची होते, म्हणजे तशी पोरच. मला वाटायचं, फोन म्हणजे दिवाणखान्यातला टीव्ही. घरातल्या सगळ्यांना दिसला पाहिजे. मग मी काचेच्या मधोमध, डोळ्यांच्या उंचीवर जागा धरायची. काच पुसायची, होल्डरच्या रबरी वाटीला ओलं बोट लावायचं, दाबायची, आणि दोन पावलं मागे सरून बघायचं, भिंतीवर तसबीर टांगल्यावर बघतात तसं. गिऱ्हाईक खूश. मागच्या सीटवरची त्यांची आई खूश. "मलाबी दिसतंय गं बाई," असं एक म्हातारी म्हणाली तेव्हा मला अगदी सन्मानपत्र मिळाल्यासारखं झालं. गाडी चालवणाऱ्याला रस्ता दिसतो का, हे मी कुणालाच विचारत नव्हते. तो माझा विषयच नव्हता.

माझ्या स्वतःच्या छोट्या गाडीत तर दोन होल्डर होते. एकावर नकाशा. घरापासून गाळ्यापर्यंत तीस वर्षं मी एकाच रस्त्याने जात होते, तरी नकाशा. दुसऱ्यावर पुण्याची नात. ती तेव्हा पावलं टाकायला शिकत होती आणि लेक रोज सकाळी मला व्हिडिओवर दाखवायची.

तर एका सकाळी मी घंटागाडीवर जाऊन आदळले. घंटागाडी म्हणजे काय, हे नाशिकबाहेरच्यांसाठी सांगते: कचरा न्यायला येणारी गाडी, जिच्यावर भोंगा लावून गाणं वाजतं. ते ऐकून गल्लीतली बहिरी माणसंसुद्धा बादली घेऊन खाली येतात. एवढी मोठी, रंगवलेली, गाणारी वस्तू माझ्यासमोर उभी होती. ती मला दिसली नाही आणि ऐकूही आली नाही, कारण तिकडे नात तिसरं पाऊल टाकत होती. ते पाऊल मी पाहिलं. मग माझ्या बॉनेटवर काय काय आलं तेही पाहिलं. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, हा नियम त्या दिवशी कुणी पाळला नव्हता.

गाडीवरचा माणूस खाली उतरला. माझ्याकडे बघितलं, बॉनेटकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "आजी, कचरा बादलीतून द्यायचा असतो. गाडीसकट नाय."

संध्याकाळी यांनी गाडीला एक फेरी मारली. दिवा फुटलेला, बॉनेट दुमडलेलं. मग आत डोकावून म्हणाले, "दोन्ही होल्डर जागचे हलले नाहीत हं. काम पक्कं आहे तुझं."

चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी मला दिलेली ही सर्वांत कडक चपराक. रात्रभर तेच डोक्यात. होल्डर फोनला धरून ठेवतो. बाईला धरून ठेवत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी माप घ्यायला लागले. ब्लाउजला घेतात तसंच, फक्त माणूस गाडीत बसलेला. आधी त्याने त्याच्या रोजच्या चपला-बुटांत, रोज जसा रेलतो तसं बसायचं. फोटोला बसल्यासारखं ताठ नाही. मग मी रेक्झिनचा एक फोनएवढा तुकडा घेऊन तो इथे धरायचा, तिथे धरायचा. मान न हलवता, नजर रस्त्यावरून जेमतेम सरकवून जिथे दिसेल, तिथे शिंप्याच्या खडूने खूण. मग खरी परीक्षा. माझी उंची चार फूट दहा इंच. म्हणजे शाळेतल्या सातवीच्या मुलीएवढी. ही उंची मला लग्नाच्या बाजारात नडली, पण धंद्यात कामी आली. मी गाडीसमोरून या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू चालायची आणि ओरडायची, "दिसते का? मी हरवले की सांगा!" जिथे मी फोनच्या मागे हरवायची, ती जागा बाद.

तुम्हाला म्हणून सांगते, काचेच्या मधोमध लावलेल्या फोनमागे डावीकडून येणारी अख्खी बाई हरवते. काचेच्या उजव्या कडेच्या खांबाजवळ लावला तर वळणावरचा मोटरसायकलवाला हरवतो. डॅशबोर्डवर डावीकडे, एअरबॅगच्या झाकणावर चिकटवलात, तर धडकेच्या वेळी तो फोन विटेसारखा सुटतो. मांडीवर ठेवलात तर काही हरवत नाही, तुम्हीच हरवता. बहुतेक गाड्यांत काचेच्या खाली, स्टिअरिंगच्या जवळ, एसीच्या जाळीपाशी एक बरी जागा सापडते. ती फक्त नकाशापुरती बरी. बोलायला, वाचायला, बटणं दाबायला गाडीत एकच जागा आहे, ती म्हणजे रस्त्याच्या कडेला थांबलेली गाडी.

हे ज्ञान मी गिऱ्हाइकांना देऊ लागले आणि माझी अर्धी गिऱ्हाइकं शेजारच्या दुकानात गेली. तिथे ज्ञान मिळत नसे.

पण जी राहिली ती एकेक नमुना. डॅशबोर्डवर मधोमध बाप्पा, त्यांच्या पुढे अत्तराची बाटली, आरशाला लिंबू-मिरची, आणि, "काकू, बाप्पाला हलवायचं नाय, तेवढं सांभाळून लावा." एकदा मी म्हटलं, "अहो, बाप्पाला तरी पुढचं दिसू द्या. त्यांच्या भरवशावर चालवताय ना?" दसऱ्याला तर झेंडूच्या माळेतून जेवढी फट उरते तेवढ्यातून लोक सातपूर ते पंचवटी जातात, पोस्टाच्या पेटीतून बघितल्यासारखे. एकाने पूजेत फोनलाही हळदकुंकू लावलं होतं. कॅमेऱ्याच्या बरोबर डोळ्यावर.

सगळ्यांत लाडका नमुना म्हणजे दिंडोरीकडचे एक द्राक्षबागायतदार, बाळासाहेब. माल तोडणीला आला की पावसाच्या भीतीने त्यांचा जीव टांगणीला. फोनवर ढगांचा नकाशा बघत गाडी चालवायचे. गाडी तिसऱ्यांदा ठोकून आले तेव्हा मी म्हटलं, "आता काय झालं?"

"ढग बघत होतो, काकू. लय मोठा ढग हाय, निफाडाकडून सरकतोय."

"मग?"

"मग ट्रॅक्टरला लागली."

"बाळासाहेब, तो ढग खिडकीबाहेर होता की नाही?"

त्यांनी मान वर करून गाळ्याच्या छताकडे बघितलं. "होता की. डोक्यावरच होता."

"मग तो काचेतून दिसत नव्हता?"

"काचेतून दिसतो हो," ते म्हणाले, "पन कुठं चाललाय ते काचेतून नाय ना दिसत."

त्यांचा फोन मी डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवायला लावला आणि कप्प्याची किल्ली त्यांच्या बायकोकडे दिली. तेव्हापासून ढग आणि ट्रॅक्टर दोन्ही सुखरूप आहेत.

एवढं सगळं कळलेली बाई. तरी पुढे जे केलं ते ऐका, म्हणजे मी माझ्यावर का हसते ते कळेल.

सातपुरातल्या कारखान्यांत कामगार बायकांना घरून आणणाऱ्या-पोहोचवणाऱ्या छोट्या बसेस असतात. त्या पुरवणारा एक ठेकेदार होता आणि त्याचे व्यवस्थापक देवरे. बागलाणकडचे, उंचेपुरे, खर्जातला आवाज. स्वतः बारा वर्षं ट्रक चालवून वर आलेले. एके दिवशी ते गाळ्यात आले. बावीस बसेसना होल्डर लावायचे होते. सोबत कागदावर काढलेलं चित्र. काचेच्या मध्यावर, डोळ्यांसमोर, कारण फोनमधल्या कॅमेऱ्यात चालकाचा चेहराही आला पाहिजे. "नाशिकमध्ये हे काम तुमच्यासारखं कुणी करत नाही असं ऐकलं, मॅडम."

मॅडम! अडुसष्ट वर्षांच्या बाईला कुणी मॅडम म्हटलं की तिचं शहाणपण रजेवर जातं. मी एकाही चालकाचं माप घेतलं नाही. एकदाही बससमोरून चालले नाही. दोन दिवसांत बावीस वाट्या बावीस काचांवर दाबल्या आणि दोन पावलं मागे सरून बघितलं.

तीन आठवड्यांनी एक बस गाळ्यासमोर थांबली. उतरले ते राशीदभाई. मालेगावचे, पन्नाशीचे, पांढरी दाढी नीट कातरलेली. आधी मालेगावहून सुताचे ट्रक महामार्गावर चालवायचे. मुलीला नाशिकला नर्सिंगला प्रवेश मिळाला म्हणून बिऱ्हाड इकडे आणलं आणि ही बस धरली. बोलणं हळू.

"मावशी, ये डबडा तुम्हीच लावला ना?"

"हो. का?"

"निकालो. या मागे बाया दिसत नाय."

मग त्यांनी सांगितलं. सिडकोतल्या थांब्यावर एक ताई डाव्या बाजूने धावत आडवी आली होती. बस सुटेल म्हणून. राशीदभाईंना ती दिसलीच नाही, ती पूर्ण त्या फोनच्या मागे. दिसली तेव्हा पुढचं टोक तिच्याजवळ पोचलं होतं. "ब्रेक लागला, तेव्हा तिची पर्स गाडीला लागली. फक्त पर्स, मावशी." त्यांनी चार बोटं धरून दाखवलं. "इतना."

मी त्या चार बोटांकडे बघत राहिले. ती चार बोटं राखली राशीदभाईंच्या ब्रेकने, माझ्या कामाने नव्हे. ती ताई माझ्या खात्यात जमा होता होता राहिली होती.

त्या दिवसापासून राशीदभाईंनी फोन काढून कप्प्यात टाकला होता. पण फोनमध्ये कंपनीचं ॲप होतं आणि त्यात प्रत्येक थांब्याला तीन बटणं. पोहोचलो, बसल्या, निघालो. 'पोहोचलो' तर थांब्याच्या आधी, चालत्या गाडीतच दाबावं लागे, नाहीतर उशिराची नोंद व्हायची. राशीदभाई बटणं दाबत नव्हते म्हणून ॲपच्या हिशोबाने ते कुठेच पोहोचत नव्हते. बायका मात्र रोज वेळेत कारखान्यात. तीन नोटिसा मिळाल्या होत्या. सोमवारी चौथी, आणि चौथी म्हणजे घरी.

"बच्ची का दुसरा साल हाय, मावशी," एवढंच ते म्हणाले. "तुम्ही थोडा खाली लावून द्या. मी दाबतो बटणं. काय करणार."

मी बसमध्ये चढले. त्यांना बसवलं, माप घेतलं, खडूची खूण केली. खाली उतरून समोरून चालले. दिसते? दिसता. दिसते? दिसता. जागा सापडली. आणि खूण करून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की याने काही होणार नाही. फोन कुठेही लावा, थांबा जवळ आला की हा माणूस बटण दाबायला बघणार, आणि बायका नेमक्या तेव्हाच रस्ता ओलांडणार. जागा चुकली होतीच, पण काम त्याहून चुकीच्या माणसाकडे दिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी देवऱ्यांच्या कचेरीत गेले. त्यांनी चहा मागवला, ऐकून घेतलं, आणि म्हणाले, "मावशी, तुमचं काम शिवणकामाचं. ड्रायव्हिंग आम्हाला शिकवू नका. मी घाटात एका हाताने बिडी पेटवून दहा चाकी चालवलीय."

मॅडमची मावशी झाले होते. पण माझं डोकं त्यामुळेच ठिकाणावर आलं.

"तेच म्हणते मी," मी म्हटलं. "तुमच्यासारखा ड्रायव्हर अख्ख्या सातपुरात नाही. रविवारी आमच्या गाळ्यामागच्या मैदानावर तुम्हीच चालवा. ॲप चालू ठेवून. सगळी बटणं दाबलीत आणि एकाही बाईला धक्का लागला नाही, तर राशीदभाईंना मी स्वतः सांगेन, दाब म्हणून. आणि लागला, तर त्यांच्या तिन्ही नोटिसा मागे, आणि फोन मी म्हणेन तिथे."

"बाईला धक्का? कुठल्या बाईला?"

"त्या मी आणते."

आणल्या. जुन्या सीटांचा फोम गाळ्यात पडलेला असतोच. आठ उभे ठोकळे केले, त्यांना उरलेल्या कव्हरांचे झगे शिवले, डोक्याला ओढण्या बांधल्या. यांनी प्रत्येकीचं उगाच एकेक नाव ठेवलं. नाव ठेवलं म्हणते, नावं ठेवली नव्हे. ती ते मला ठेवतात. मागच्या मोकळ्या मैदानावर थांबे आखले, सहा बायका थांब्यांवर उभ्या केल्या, आणि दोघींना लांब दोरी बांधून ती यांच्या हातात दिली. बस सुटेल म्हणून धावणाऱ्या बायका त्या.

रविवार सकाळ. खऱ्या बायकाही आल्या, पंधरा-वीस जणी, राशीदभाईंच्या बसमधल्या. कुणी बोलावलं होतं ठाऊक नाही. मी बोलावलं असं कुणी म्हणत असेल तर म्हणो. राशीदभाई एका कडेला हात बांधून उभे. त्यांची मुलगीही आली होती. ती बापाच्या अंगाला अगदी चिकटून उभी होती आणि एकदाही हसली नाही. तिच्याकडे बघताना मनात आलं, मी इथे फोमच्या बाहुल्या मांडून बसलेय, आणि हे चुकलं तर उद्या हिला मालेगावला परतावं लागेल.

देवरे चढले. बाह्या सरसावल्या. इंजिन सुरू केलं आणि पहिला थांबा खरोखर सुरेख घेतला. बटण, ब्रेक, बटण, बटण. यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

दुसरा थांबा. देवऱ्यांचा हात फोनकडे गेला, नजर फोनकडे गेली, आणि यांनी दोरी ओढली. डावीकडून फोमची बाई सरसरत आडवी आली. भप्प असा आवाज झाला आणि ती बसच्या पुढे पालथी पडली. त्याच क्षणी फोनमधून गोड आवाज आला: "धन्यवाद. आपण वेळेत पोहोचलात."

अख्खं मैदान हसलं. एक बाई तर खालीच बसली. "अगं आई गं, मेलीला मारून वर धन्यवाद!"

देवरे हसले नाहीत. "परत," एवढंच म्हणाले. बाई उभी केली. या फेरीत दोघी पडल्या, एक तर थांब्यावर गुमान उभी असलेली. "परत." तिसऱ्या वेळी त्यांनी फोन उपटून शेजारच्या सीटवर टाकला आणि बस अशी चालवली म्हणून सांगू! दोरीवरची बाई यांनी मुद्दाम उशिरा सोडली, तरी वीतभर आधी बस उभी. वा म्हणावं असं काम. उतरले तेव्हा छाती पुढे.

"बघितलं? हे माझं गाडी चालवणं."

"बघितलं की," मी म्हटलं. "राशीदभाई रोज अशीच चालवतात. म्हणून तुम्ही त्यांना काढताय."

हे वाक्य मी रात्रभर तयार केलेलं नव्हतं. तोंडून निघालं. देवरे पडलेल्या बाईला पायाने सरळ करायचा प्रयत्न करत होते. ती काही उभी राहीना. मग त्यांनी वाकून तिला दोन्ही हातांनी उचललं, ओढणीवरची माती झटकली आणि जागेवर ठेवलं. मला वाटतं त्यांचा निर्णय तिथेच झाला.

"पण मावशी," ते आवाज उतरवून म्हणाले, "चालकाचा चेहरा राहू द्या, मला हजेरी द्यावी लागते. कोण किती वाजता चढलं हे कंपनी मला विचारते. ते कोण दाबणार?"

"एस.टी.त बसलायत ना तुम्ही? ड्रायव्हर तिकीट फाडतो का? डोक्यावर पाटी असते: गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये. ही तीन बटणं दाबणं म्हणजे दुसरं काय? तुम्ही कंडक्टरचं काम ड्रायव्हरच्या नाकासमोर टांगलंय. ते दाराशी न्या. जी चढेल ती स्वतःचं 'बसल्या' दाबेल. पहिली चढणारी 'पोहोचलो' दाबेल, अर्ध्या मिनिटाचा उशीर तुम्ही मानू नका; शेवटची 'निघालो'. राशीदभाईंना फोन दिसायचीसुद्धा गरज नाही."

देवरे बायकांकडे वळले. "जमेल का तुम्हाला?"

"आम्ही कारखान्यात मशीन चालवतो, साहेब," मघाशी खाली बसलेली बाई उठत म्हणाली. "एक बटण नाय जमणार?"

तिन्ही नोटिसा मंगळवारी मागे आल्या, लेखी. राशीदभाईंनी ते कागद मला दाखवायला आणले आणि सोबत मालेगावहून आलेली मिठाई. मुलगीही होती. ह्या वेळी ती हसली, आणि मग मला म्हणाली, "आजी, तुमचा बीपी तपासू का? त्या दिवशी तुमचा चेहरा बघून मलाच भीती वाटली होती." पोरीने मला बरोबर पकडलं होतं.

दाराच्या खांबावर बसेल अशी रेक्झिनची पिशवी मी शिवली, वर झाकण, पाऊस लागू नये म्हणून. बावीस पिशव्या. आणि बावीस काचांवरचे होल्डर मी माझ्या हाताने काढले, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. रबराची वाटी काचेवर गोल डाग ठेवते, तो सहजी जात नाही. प्रत्येक डाग पुसताना मी त्यातून पलीकडे बघायची आणि मला ती चार बोटं दिसायची. माझ्या धंद्यात मला ज्याची लाज वाटते असं बरंच आहे, पण हे डाग सर्वांत वर. बाकी सगळ्यावर मी हसू शकते.

दोनेक महिन्यांनी एका सकाळी देवऱ्यांचा फोन आला.

"मावशी, एक आनंदाची बातमी. तुमच्या त्या राशीदभाईंना—"

मागे हॉर्न वाजला. गाडीचा आवाज येत होता.

"देवरे, तुम्ही गाडी चालवताय?"

"हो, पण स्पीकरवर आहे, हात मोकळे—"

मी फोन कापला. परत वाजला. परत कापला. हे चहाचा कप घेऊन बघत होते. "अगं, बातमी काय ते तरी ऐकून घे," ते म्हणाले. मी म्हटलं, "बातमी पळून जात नाही."

तीनेक मिनिटं गेली. मला राहवत नव्हतं, खरं सांगते. फोन टेबलावर पालथा घालून मी त्याच्यावर हात ठेवून बसले होते. मग वाजला.

"घेतली बाजूला," देवरे म्हणाले. आवाज लहान मुलासारखा. "आता बोलू?"

"हँडब्रेक?"

फोनमधून करकर असा आवाज आला. लांब, पूर्ण वरपर्यंत ओढल्याचा. बारा वर्षं घाटात बिडी पेटवत ट्रक चालवलेला माणूस माझ्या एका शब्दावर रस्त्याच्या कडेला उभा होता.

"राशीदभाईंना नव्या ड्रायव्हरांना शिकवायला नेमलंय," ते म्हणाले. "सोमवारपासून."

"बोला," मी म्हटलं, "आता सगळं सविस्तर सांगा. मला भरपूर वेळ आहे."